पांढरीची माती आणि वर्षभराची उमेदवारी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत एका विद्यार्थिनीने विचारलं होतं, ‘गावकऱ्यांना आणि स्वयंसेवकांना बरोबर घेऊन पुरातत्त्वाचं काम करायचंय, त्यासाठी काय शिकू?’ उत्तरात एम.ए., नेट, पीएच.डी. अशी नेहमीची शिडी होती. त्यात चूक काही नाही. फक्त पोरीने गावकऱ्यांबद्दल विचारलं होतं आणि उत्तरात एकही गावकरी नव्हता. म्हणून हे पत्र. लांबलंय याची कल्पना आहे. कात्री लावायचा अधिकार तुमचा, पण शेवटचा खर्चाचा हिशेब तेवढा कापू नका.

मी पुरातत्त्वज्ञ नाही. एका सहकारी बँकेत ३४ वर्षं नोटा मोजल्या, रोखपाल म्हणून निवृत्त झाले, हडपसरला राहते. या विषयावर बोलायचा माझा अधिकार दोन बायकांमुळे आहे. माझी आई उत्खननावर रोजाने जायची, आणि माझी भाची पुरातत्त्वात एम.ए. करून सध्या खराडीच्या एका कंपनीत भलत्याच कामाला आहे.

आईपासून सुरू करते. आमचं गाव शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. जवळच इनामगावला पुण्याच्या डेक्कन कॉलेजचं उत्खनन १९६८ साली सुरू झालं ते १९८३ पर्यंत हंगामामागून हंगाम चाललं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही तिथल्या पुरातत्त्वज्ञांची नावं मला पुढे पुस्तकांतून कळली. आईच्या तोंडी सगळेच ‘साहेब’. शेतातलं काम उरकलं की ती तिकडे जायची. आधी घमेली वाहिली, मग चाळणीवर बसली, मग खापऱ्या धुवायला. रोजाचे पैसे हातात आले की बाजारातून रेवड्या यायच्या, त्यामुळे आम्हा भावंडांचा पुरातत्त्वाला तेव्हापासून पाठिंबा आहे.

आमच्याकडे शेतजमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. राख, शेण, पडलेल्या मातीच्या भिंती यांची पिढ्यान्‌पिढ्या साचून झालेली ती भुरी माती धाब्याच्या घरावर अंथरायला आणि शेतात खत म्हणून गाडीगाडीने न्यायची रीत होती. त्या गाडीतून खापऱ्या, मणी, हाडं सगळं शेतात पसरायचं आणि कुणाला काही वाटायचं नाही. आईलाही वाटत नव्हतं. उत्खननावर दोन हंगाम काढल्यावर वाटायला लागलं. पुण्याहून आलेला एक चष्मेवाला विद्यार्थी तिला मावशी म्हणायचा. चोपून-सारवून केलेली जुनी जमीन लागली की कुदळीचा आवाज बदलतो, बद्द वाजतं, हे त्याने तिला एकदा दाखवलं. पुढे पुढे तीच त्याला थांबवायला लागली. ‘थांब रं बाबा, घर लागलं.’

तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलं पुरलेली निघाली. दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून आत लेकरू. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला मोठा माणूस निघाला, त्याची वर्णनं पुस्तकांत आहेत. आईने मला रांजणाचं फारसं कधी सांगितलं नाही. मडक्यांचं मात्र पुन्हापुन्हा सांगायची. आमच्याकडेही तान्हं मूल गेलं तर जाळत नाहीत, पुरतात, आणि माझ्या आधीचा तिचा एक मुलगा तसाच गेला होता. पहिलं जोडमडकं निघालं त्या दिवशी ती जेवली नाही. त्या चष्मेवाल्या मुलाच्या ते लक्षात आलं. त्याने कारण विचारलं, आणि तिने सांगितल्यावर बाकीच्या बायकांना बोलावून, हे काय आहे, किती जुनं आहे, आता याचं पुढे काय होणार, हे सगळं झाडाखाली बसून नीट सांगितलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका कामाला आल्या. एवढंच. पण मला ते अजून पाठ आहे, म्हणजे आईने किती वेळा सांगितलं असेल बघा.

तो मुलगा स्वभावाने बोलका आणि भला होता म्हणून हे झालं. झाडाखाली बसून बोलणं हेही एक काम आहे, त्याचीही उमेदवारी, म्हणजे कुणाच्या हाताखाली राहून शिकणं, करता येते आणि त्याचा पगार मिळू शकतो, हे कळायला मला इंग्लंडातलं साउदॅम्प्टन गाठावं लागलं.

माझा मुलगा तिथे नोकरीला आहे. निवृत्तीनंतर सहा आठवडे राहायला गेले होते. घरात बसून कंटाळले म्हणून सून मला जवळच्या एका सभागृहात घेऊन गेली. तिथे गावातल्या हौशी मंडळाने उत्खननातली खापरं धुवायला काढली होती. चौदाएक माणसं. एक निवृत्त पोस्टमन, एक नर्स, बापाबरोबर आलेला दहा वर्षांचा एक मुलगा. प्रत्येकापुढे पाण्याचं टोपलं, दातांचा जुना ब्रश आणि वर्तमानपत्र अंथरलेला ट्रे. सगळ्यांवर नजर ठेवून एक तरुण बाई हिंडत होती. ट्रेमधली चिठ्ठी ट्रेमधून हलता कामा नये, कारण चिठ्ठी हरवली की खापर कुठल्या खड्ड्यातलं, कुठल्या थरातलं, ते कुणी ब्रह्मदेव आला तरी सांगू शकत नाही. बाहेर काजळी असेल तर घासायची नाही. तुटलेल्या कडेवर जोर द्यायचा नाही. हे ती प्रत्येकाला वेगळ्या शब्दांत सांगत होती. पोस्टमनला एक भाषा, त्या पोराला दुसरी. माझा हात सरावाचा दिसला म्हणून तिने विचारलं, कुठे शिकलात? म्हटलं, आईकडून. तिने जास्त काही न विचारता त्या दहा वर्षांच्या मुलाला माझ्या शेजारी आणून बसवलं. मला इंग्रजी बेताचं, त्याला मराठी शून्य. दीड तासात आमचे तीन ट्रे झाले.

चहाच्या वेळी तिच्याकडून कळलं ते असं. पदवीत तिला खोदायला शिकवलं होतं, माणसं सांभाळायला नाही. ते ती शिकली वर्षभराच्या पगारी उमेदवारीत. ब्रिटिश पुरातत्त्व परिषद नावाची त्यांची १९४४ पासूनची संस्था आहे. तिने लॉटरीच्या पैशातून जमलेल्या वारसा निधीच्या मदतीने २०११ च्या सुमारास ही योजना काढली. पदवीधरांना वर्षभरासाठी एखाद्या संग्रहालयात, जिल्हा परिषदेसारख्या कार्यालयात किंवा उत्खनन करणाऱ्या संस्थेत नेमायचं, वेतन द्यायचं आणि एकच गोष्ट शिकवायची : सामान्य माणसांना बरोबर घेऊन पुरातत्त्वाचं काम कसं चालवायचं. शाळेत बोलणं, स्वयंसेवकांची यादी, कामाची वाटणी, धोक्याचा अंदाज, विमा, निधीचा अर्ज, खर्चाचा अहवाल. माझ्यातला रोखपाल हे ऐकून सुखावला. कारण उत्साहाने सुरू झालेल्या किती संस्था पावती-पुस्तकापाशी बुडताना मी काउंटरच्या अलीकडून पाहिल्यात!

एका रविवारी मुलाने डॉर्चेस्टरला नेलं, तिथल्या मेडन कासलवर. कासल म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे सिंहगड येतो. इथे गवताने मढलेले मातीचे प्रचंड तट, वर चरणाऱ्या मेंढ्या, आणि पदर धरावा की टोपी असं वारं. मॉर्टिमर व्हीलर या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञाने १९३४ ते १९३७ या काळात तिथे उत्खनन केलं, त्यात विद्यार्थी आणि स्वयंसेवक राबले. लंडनला पीएच.डी. करत असलेले आपले हसमुख सांकलिया त्यांतलेच एक. १९३९ मध्ये ते येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथून निघालेली विद्या येरवड्याला आली आणि येरवड्याहून माझ्या आईच्या चाळणीपर्यंत पोचली. हा हिशेब जुळल्यावर मला इतका आनंद झाला की मी तटावरच खाली बसले. मुलगा म्हणाला, ‘आई, उठ, गाडी चुकेल.’

हेच व्हीलर १९४४ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होऊन आले आणि त्याच वर्षी त्यांनी तक्षशिलेला प्रशिक्षणाची शाळा भरवली. महायुद्ध चालू असताना. तेव्हा ‘आपल्याकडे सोय नाही’ हे वाक्य मला पटत नाही.

आता भाचीचं. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, म्हणजे आईची नात. एम.ए. चांगल्या गुणांनी झाली. मग तीन महिन्यांचं कंत्राट, मग पाच महिने काही नाही, मग पुन्हा दोन महिने. लग्नाचं बघताना ‘मुलगी काय करते’ याचं उत्तर देताना बहिणीची जी तारांबळ उडायची ती सांगत नाही. शेवटी तिने खराडीची नोकरी धरली. रविवारी मात्र ती एका हौशी गटाबरोबर वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव दगड), सतीशिळा, गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप कोरलेला दगड) यांच्या नोंदी करायला जाते. शनिवारी रात्री साडेदहाला मोबाइलवर ठिकाण येतं, सकाळी सहाला गाडीतळावर चाळीस माणसं हजर. पुण्यात स्वयंसेवकांचा तुटवडा आहे असं जो म्हणेल त्याला मी रविवारी पहाटे गाडीतळावर उभा करीन.

दोन वर्षांपूर्वी हा गट पुरंदरच्या बाजूला एका गावात गेला होता. गावाचं नाव सांगत नाही. मारुतीच्या देवळाबाहेर एक वीरगळ होता, शेंदराने लिंपलेला. वीरगळावर साधारणपणे खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपिंडीची पूजा, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य असे टप्पे असतात. शेंदरामुळे काही दिसेना. गटातल्या दोघा-तिघांनी तारेचा ब्रश काढला, एकाने थिनरची बाटली. हेतू वाईट नव्हता हे मी शपथेवर सांगते. त्यांना ‘संवर्धन’ करायचं होतं. भाची नको नको म्हणत राहिली. पण ती कोण? चाळिसांतली एक. तिचं एम.ए. कुणाच्या कपाळावर दिसत नव्हतं. साडेआठच्या सुमाराला हळदी-कुंकवाचं ताट घेऊन एक आजी आली. तिने दगडाकडे बघितलं, ताट खाली ठेवलं आणि तिथेच मटकन बसली. ओरडली असती तरी बरं झालं असतं, असं भाची म्हणते. मग माणसं जमली, सरपंच आले, फोटो पुसायला लावले, आणि पुन्हा गावात पाय ठेवायचा नाही असं बजावून चाळीसही जणांना वाटेला लावलं.

भाची परत गेली. एकटी, एसटीने, माझ्या हातचे तिळाचे लाडू घेऊन. पहिल्या खेपेला आजीने दार उघडलं नाही. दुसऱ्या खेपेला ओसरीवर बसू दिलं. तिसऱ्या खेपेला बोलली. त्या दगडाला पेरणीआधी शेंदूर लावतात, तो मान तिच्या घराण्याचा. आणि बोलता बोलता आजी सहज म्हणाली, ‘तो काय हितला हाय व्हय! बहात्तरच्या दुष्काळात आमी रस्त्याला खडी फोडायचो तवा वढ्याकाठनं उचलून आनला.’

ही एका म्हातारीची आठवण वाटेल. पण मूळ जागा कळणं म्हणजे या कामात अर्धा जीव. दगडावरचं कोरीव काम हजार फोटोंत सापडेल, तो कुठून उचलला हे त्या आजीशिवाय जगात कुणालाही ठाऊक नव्हतं. भाची ओढ्याकाठच्या त्या रानात मालकाला विचारून हिंडली. नांगरटीत खापऱ्या आणि मोठ्या विटांचे तुकडे दिसले. तिने काही उचललं नाही. फोटो, मोजमाप, जागेचे अक्षांश-रेखांश, मालकाचं म्हणणं, सगळं लिहून पुरातत्त्व विभागाला कळवलं. त्यात तिचे सहा रविवार गेले. तारेच्या ब्रशाला वीस मिनिटं लागली होती.

पुरवणीतल्या त्या मुलीने हा प्रसंग वाचावा. स्वयंसेवकांबरोबर काम करायचं म्हणजे फावडं हातात देऊन खोदायला लावणं, असा समज घेऊन मुलं येतात. खोदायचा प्रश्नच नाही. पुरातत्त्वीय उत्खननाला परवानगी लागते, ती मिळवणं हौशी गटाचं काम नव्हे, आणि ते नसलेलंच बरं. काम असतं ते जमिनीच्या वरचं. शिवार पायी तुडवायचं, नोंदी करायच्या, खापऱ्या धुवायच्या, त्यांवर बारीक अक्षरात क्रमांक घालायचे, जुने फोटो गोळा करायचे, ऊन तिरपं असताना शिलालेखाचा फोटो घ्यायचा, आणि दुपारी कुणी दगडावर खडू फिरवायला लागला तर त्याचा हात न दुखवता धरायचा. हे शेवटचं सगळ्यांत अवघड.

आणि ऐकायचं. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिती होते, मुंबईला नोकरीला जात, पण पुण्यात घरामागच्या टेकड्यांवर हिंडताना दगडाची बारीक हत्यारं वेचत आणि गावोगावच्या म्हसोबा-म्हातोबाबद्दल धनगरांशी बोलत बसत. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावंच्या गावं पायाखाली घालत. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते याच वेडातून. ही पुण्याची परंपरा आहे. पण दोघेही जगावेगळे, आणि दोघेही एकटे. चाळीस माणसांची गाडी हाकायची तर वेडाबरोबर तालीम लागते.

तालीम नसली की तिच्या नावाने दुकान उघडतं. भाचीनेच एकदा साडेतीन हजार रुपये भरून एक ‘उत्खनन अनुभव शिबिर’ केलं, शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर. वाळूच्या हौदात नर्सरीतल्या कुंड्या फोडून पुरलेल्या! एका खापरावर तर दुकानाच्या किमतीचं स्टिकर होतं. जेवण चांगलं होतं, आणि शेवटी लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र. ते तिने स्वयंपाकघरात गरम भांड्याखाली ठेवायला वापरलंय.

याच्या उलट कोकण बघा. रत्नागिरीला सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई या मंडळींनी गेल्या दहा-बारा वर्षांत सड्यांवरची, म्हणजे कातळी माळांवरची, कातळशिल्पं शोधली ती गुराख्यांना, म्हाताऱ्यांना विचारत, वाड्यावाड्यांवर जाऊन. कशेळीचा हत्ती एवढा मोठा की माणूस त्याच्यावर उभा राहिला तरी हत्ती दिसत नाही. उक्षीला गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन हत्तीच्या चित्राभोवती संरक्षण केलं. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. राज्याचा पुरातत्त्व विभाग त्यांच्या मागे उभा राहिला, हेही खरं. पण आधी विश्वास कमावला तो घरचं खाऊन काम करणाऱ्यांनी. आमच्या जिल्ह्यात असं एखादं त्रिकूट निपजेल म्हणून वाट बघत बसायचं का?

वाट बघायला वेळही नाही. पांढरीच्या टेकाडाला बैलगाडी दहा वर्षांत जेवढं खायची तेवढं जेसीबी सकाळच्या न्याहारीआधी खातो. स्वारगेटला २०१९ मध्ये मेट्रोच्या कामात जुनं भुयार लागलं, तेव्हा बघ्यांची गर्दी आणि मोबाइलवरचे तर्क किती होते ते आपल्याच अंकात आलं असेल. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ उघडं पडतं आणि लोक शिखराजवळ सेल्फी काढतात. अशा प्रत्येक ठिकाणी गर्दीला ‘हे काय आहे’ सांगणारा एक माणूस हवा, आणि तो रोजंदारीवरचा रखवालदार असून चालणार नाही.

शेतकऱ्याचं तर वेगळंच. नांगराला नाण्यांचं गाडगं लागलं की त्याला पहिली भीती पोलिसांची, दुसरी जमीन जाण्याची. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून चालू आहे. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं तो सांगतो. दहा रुपयांत आज जेमतेम कटिंग चहा येतो. त्याच कायद्यात सापडणाऱ्याच्या हक्काची कलमंही आहेत, पण ती शेतकऱ्याला सांगणार कोण? मग गाडगं रातोरात सराफाकडे जातं आणि दोन हजार वर्षांचा राजा मुशीत वितळतो. बँकेत सोनेतारणाच्या खिडकीवर बसून मी काय काय ऐकलंय ते छापण्यासारखं नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचं खोड उपटताना ब्राँझचा हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. वजन ६० किलोंच्या घरात. हा ठेवा मोडीत गेला असता तर चांगले पैसे आले असते. तो वाचला म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून सापडलेल्या वस्तू नोंदवायची एक वेगळी योजनाच आहे, आणि जिल्ह्याजिल्ह्यात तेवढ्यासाठी नेमलेला अधिकारी. शेतकरी त्याच्या टेबलावर वस्तू आणून ठेवतो, तो नोंद करतो, समजावतो. तिथले लोक काही आपल्यापेक्षा साधू नाहीत. टेबल आहे, म्हणून वस्तू येते.

तर त्या मुलीला माझं सांगणं असं. एम.ए. कर, नक्की कर. पुण्यात डेक्कन कॉलेज आहे. पुढे ग्रेटर नोएडाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे. थर वाचता आला नाही तर बाकीची सगळी गोड बोलणी फुकट. पण त्याच्या जोडीने मोडी शिक. तलाठ्याकडे बसून सातबारा आणि गावनकाशा वाचायला शिक, आणि शेतांची नावं लिहून घे. पांढरीचं शेत, गढीचा मळा, कुंभारखाण ही नावं उगीच पडलेली नसतात. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा आणि १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा मराठीत समजावून सांगता येईल इतका वाच. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत नियमन, हे २०१० पासून कायद्यातच आहे. लोकांची सगळ्यांत जास्त भांडणं यावरून होतात. प्रथमोपचार शिक, सर्पदंशाला काय करायचं आणि काय करायचं नाही ते शिक. चाळीस माणसांत बायका असतील तर गावात पोचल्यावर आधी संडासाची सोय विचार, मंदिराचा काळ नंतर. रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायला शिक. ती मी फुकट शिकवीन. आणि ग्रामसभेत शेवटच्या रांगेत बसून, कुणी विचारेपर्यंत गप्प राहायला शिक.

यातलं बरंचसं कुठल्याही एका अभ्यासक्रमात नाही. भाचीच्या तर नव्हतंच. ते एक वर्ष कुणाच्या तरी हाताखाली राहूनच येईल, आणि ते वर्ष बिनपगारी असून चालणार नाही. बिनपगारी म्हटलं की ज्यांच्या घरी पुण्यात फ्लॅट आणि गाडी आहे तीच मुलं येतात. माझ्या माहेरच्या गावातली, जिला काळी आणि पांढरी जन्मापासून कळते, ती मुलगी येत नाही.

आता हिशेब. सुरुवातीला पाच उमेदवार धरा. शिरूर, जुन्नर, मावळ आणि पुरंदर या तालुक्यांना एकेक, आणि एक पुणे शहराला. जुन्नरला लेणी आणि नाणेघाट, मावळात कार्ले, भाजे, बेडसे. कामाला तोटा नाही. विद्यावेतन महिना २५,००० रुपये, म्हणजे पाच जणांचे वर्षाला १५ लाख. प्रवासखर्च महिना ३,००० प्रत्येकी, वर्षाला १ लाख ८० हजार. विमा, पट्ट्या, टेप, पिशव्या, चिठ्ठ्या, ट्रे, एक लोखंडी कपाट आणि छपाई, मिळून १ लाख २० हजार. एकूण १८ लाख. यात जागेचं भाडं धरलेलं नाही, ते कुणीतरी शाळा किंवा ग्रामपंचायत देईल. माझ्या अनुभवात जागा मिळते, पैसे मिळत नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत सामाजिक दायित्वाच्या खर्चाला राष्ट्रीय वारशाचं जतन चालतं. पुण्याच्या आसपास चाकण, रांजणगाव, हिंजवडी, खराडी इथे किती कंपन्या आहेत ते मी सांगायला नको. त्यांतल्या बऱ्याच जणांची झाडं लावून झाली आहेत.

उमेदवाराचा वर्षाचा शेवट प्रमाणपत्राने करू नये. तालुक्यातल्या किमान दहा गावांची नोंदवही, त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवलेली, आणि मागे राहिलेले दहा तरी स्थानिक स्वयंसेवक, ज्यांना उमेदवार गेल्यावरही तिरपं ऊन आणि चिठ्ठीचं महत्त्व कळतं, एवढं मागावं. लॅमिनेशनचे पैसे वाचतील.

माझ्या तळमजल्याची मागची खोली रिकामी आहे. बाहेर नळ आहे, गच्चीवर खापऱ्या वाळवायला ऊन आहे. शहरासाठी जो उमेदवार नेमला जाईल त्याला ती वर्षभर बिनभाड्याने देईन, आणि मुदतठेवीच्या व्याजातून महिना ५,००० रुपये विद्यावेतनात घालीन. वरच्या १८ लाखांतले ६० हजार झाले. राहिले १७ लाख ४० हजार.

माझं नाव छापू नये ही विनंती. आजीकडच्या तीन खेपांचं भाचीने फक्त मला सांगितलं होतं, आणि तिला न विचारता लिहिलं आहे. पत्ता आणि फोन आपल्या कार्यालयासाठी सोबतच्या कागदावर दिला आहे. कुणी कंपनीवाल्याने विचारलं तर जरूर द्यावा. दुपारी दोन ते चार सोडून.

आपली वाचक,
हडपसर, पुणे